नवगुंतवणूकदारांसाठी शेअर बाजारविषयक पुस्तकांची निवड : काही निकष

प्रस्तावना

शेअर बाजार हा विषय आज केवळ वाणिज्य शाखेपुरता मर्यादित राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानावर आधारित योजना आणण्यात आली आणि नोकरदारांचे उतारवयातील उत्पन्न काही अंशी बाजाराशी जोडले गेले. दुसरीकडे, विद्यार्थ्यांना मोबाइलवरून घरबसल्या डीमॅट खाते उघडता येऊ लागले. त्यामुळे ‘सुरुवातीला कोणते पुस्तक वाचावे?’ हा प्रश्न वर्गात, शिक्षक-कक्षात आणि ग्रंथालयात वारंवार विचारला जातो. पुस्तकांना तोटा नाही, उणीव आहे ती निवडीच्या निकषांची. असे काही निकष मांडणे व त्यांच्या आधारे वाचनाचा क्रम सुचविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निकष पहिला : आश्वासन की पद्धत?

जे पुस्तक परताव्याचे आकडे आधी सांगते आणि विचारपद्धती नंतर, ते सावधपणे हाताळावे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या बिअर्ड्सटाऊन या छोट्या गावातील महिलांच्या गुंतवणूक मंडळाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९८४ ते १९९३ या दहा वर्षांत आपण वार्षिक २३.४ टक्के परतावा मिळविल्याचे मंडळाने सांगितले होते. त्या आधारावर १९९० च्या दशकात निघालेल्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. १९९८ मध्ये लेखापरीक्षण झाले, तेव्हा प्रत्यक्ष परतावा ९.१ टक्के असल्याचे निष्पन्न झाले. या तफावतीचा अर्थ साध्या गणिताने कळतो. दहा हजार रुपये दहा वर्षांत पहिल्या दराने सुमारे ८२ हजार, तर दुसऱ्या दराने सुमारे २४ हजार होतात.

जेम्स ग्लासमन व केव्हिन हॅसेट यांचे १९९९ मधील ‘डाऊ ३६,०००’ हे दुसरे उदाहरण. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक अल्पावधीतच ३६ हजारांवर जाईल, असे त्यात प्रतिपादन होते. ऑक्टोबर २००२ मध्ये तो ७,३०० च्याही खाली आला आणि ३६ हजारांचा टप्पा त्याने २०२१ मध्ये ओलांडला. लेखक विद्वान होते, तरीही भाकीत फसले. तेव्हा लेखकाच्या पदव्यांइतकेच पुस्तकाच्या दाव्याचे स्वरूप तपासणे आवश्यक ठरते.

निकष दुसरा : तत्त्व व नियम यांतील भेद

तत्त्वे टिकतात, नियम बदलतात. बेंजामिन ग्रॅहम यांचे ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२९ नंतरच्या पडझडीत त्यांना स्वतःला मोठा तोटा सोसावा लागला होता. समभागाची किंमत व त्याचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरेदी करताना त्या दोहोंत सुरक्षिततेचे पुरेसे अंतर हवे, हे त्यांचे सूत्र आजही लागू पडते.

याउलट करआकारणी व व्यवहारपूर्ती यांविषयीची माहिती लवकर शिळी होते. सूचिबद्ध समभागांवरील दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ऑक्टोबर २००४ पासून करमुक्त होता. १ एप्रिल २०१८ पासून त्यावर १० टक्के आणि २३ जुलै २०२४ पासून वार्षिक सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर १२.५ टक्के कर आला. लाभांश १ एप्रिल २०२० पासून गुंतवणूकदाराच्या हाती करपात्र झाला. व्यवहारपूर्तीचा कालावधीही जानेवारी २०२३ अखेर एका दिवसावर आला. म्हणून भारतीय पुस्तक घेताना आवृत्तीचे वर्ष पाहावे आणि परदेशी पुस्तकातील कर व खाती यांविषयीची प्रकरणे येथे लागू नाहीत, हे वाचकास सांगावे.

निकष तिसरा : गुंतवणूक व सट्टा

चांगले पुस्तक या दोहोंमधील सीमारेषा स्पष्ट करते व तोट्याविषयी मोकळेपणाने लिहिते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. हा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. अशा स्थितीत ‘रोजची कमाई’ शिकविणारे पुस्तक नवशिक्याच्या हाती देणे शैक्षणिक दृष्ट्या समर्थनीय नाही. पुस्तक हे लेखकाच्या महागड्या प्रशिक्षणवर्गाची जाहिरात तर नाही ना, हेही पाहावे.

वाचनाचा क्रम

प्रारंभ सेबीच्या विनामूल्य गुंतवणूकदार-शिक्षण साहित्याने करावा, कारण त्यामागे विक्रीचा हेतू नसतो. त्यानंतर पीटर लिंच यांचे ‘वन अप ऑन वॉल स्ट्रीट’ (१९८९) वाचावे. आपल्या परिचयातील उद्योगांपासून अभ्यास सुरू करावा, ही त्यातील दृष्टी सुबोध आहे. मात्र परिचय ही केवळ सुरुवात असून ताळेबंदाच्या अभ्यासाला तो पर्याय नाही, हा लिंच यांचा आग्रह वाचक विसरतात. भारतीय संदर्भासाठी पराग पारिख यांचे ‘स्टॉक्स टू रिचेस’ उपयुक्त आहे. गुंतवणूकदाराच्या मनोव्यापारांवर त्यात विशेष भर आहे.

यानंतर ग्रॅहम आणि बर्टन माल्किएल यांचे ‘अ रँडम वॉक डाऊन वॉल स्ट्रीट’ (१९७३) ही दोन पुस्तके जोडीने वाचावीत. काळजीपूर्वक विश्लेषणाने मूल्याहून स्वस्त समभाग शोधता येतात, असे ग्रॅहम मानतात. असा शोध सातत्याने यशस्वी होणे कठीण असल्याने सामान्यांनी निर्देशांकावर आधारित फंड घ्यावा, असे माल्किएल म्हणतात. परस्परविरोधी मते शेजारी ठेवून वाचल्यास वाचक कोणाचाही अंधानुयायी होत नाही. ग्रॅहम यांचे संपूर्ण पुस्तक जड वाटल्यास बाजाराच्या चढउतारांवरील आठवे व सुरक्षिततेच्या अंतरावरील विसावे प्रकरण आधी वाचावे.

वाचनाला कृतीची जोड हवी. एखाद्या परिचित कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन विद्यार्थ्यांनी ताळेबंद, नफा-तोटा पत्रक व रोख प्रवाह पत्रक स्वतः उलगडावे. जे पुस्तक वाचून हे जमू लागते, ते निवडीच्या कसोटीस उतरले असे समजावे.

समारोप

पुस्तक वाचल्याने नफ्याची हमी मिळत नाही. परंतु कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत, एवढे ते निश्चित शिकवू शकते. ग्रंथालय समित्यांनी खरेदीच्या वेळी वरील निकष लावावेत व जुन्या आवृत्त्यांवर ‘करविषयक माहिती कालबाह्य’ अशी चिठ्ठी चिकटवावी. अशा साध्या उपायानेही एखाद्या विद्यार्थ्याची पहिली बचत वाचू शकेल.