उजेड आणि ऊन : घरगुती प्रवाळ-टाकीसाठी एलईडी दिव्याची निवड व योजना

मराठीत 'उजेड' आणि 'ऊन' हे दोन्ही शब्द सूर्याच्या प्रकाशाविषयी योजले जातात. तथापि त्यांचा अर्थ एक नाही. उजेडात आपण वाचतो. पापड मात्र उन्हात वाळवतो. उजेडाचा संबंध पाहणाऱ्याच्या डोळ्याशी असतो, उन्हाचा संबंध ते ज्यावर पडते त्या वस्तूशी असतो. हा भेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा आहे असे नव्हे. समुद्रातील प्रवाळ घरच्या काचेच्या टाकीत वाढवू पाहणाऱ्यास त्याचा विसर पडला, तर दिव्यावर केलेला खर्च वाया जातोच, शिवाय टाकीतील जीवही दगावतात. प्रस्तुत लेखात अशा टाकीवरील एलईडी दिव्याची निवड व योजना यांचा विचार या भेदाच्या आधारे करावयाचा आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या इचलकरंजीतही या भेदाची उदाहरणे रोज दिसतात. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे हे गाव मागांचे झाले. मागावरील कामगाराला तुटलेला धागा दिसावा म्हणून जो हवा तो उजेड. पंचगंगेकाठच्या उसाला जे हवे ते ऊन. कापडाच्या व्यवहारातील माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेल्या दोन छटा दारात नेताच वेगळ्या भासू शकतात. दोन दिवे डोळ्याला सारखेच पांढरे दिसले, तरी त्यांच्या प्रकाशातील रंगांचे मिश्रण सारखे असतेच असे नाही, हे त्याचे कारण होय.

प्रवाळ हा प्राणी आहे. परंतु प्रवाळभित्तींवरील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल वास करते. हे शैवाल प्रकाशसंश्लेषण करून आपल्या यजमानास अन्नाचा मोठा वाटा पुरविते. म्हणजे टाकीवरचा दिवा हा वस्तुतः या शैवालाचे शेत पिकविणारा सूर्य आहे. शैवालातील हरितद्रव्य व त्याची साहाय्यक रंगद्रव्ये मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच बव्हंशी नाहीसा होतो आणि स्वच्छ पाण्यात निळा सर्वांत खोलवर पोहोचतो, हे ध्यानी घेता ही निवड स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

दिव्याच्या खोक्यावर मात्र आकडा छापलेला असतो तो ल्युमेनचा. ल्युमेन हे माप मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेले असून त्यामागील वक्र १९२४ साली आंतरराष्ट्रीय मान्यता पावला. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचा एक वॅट म्हणजे ६८३ ल्युमेन. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा एक वॅट म्हणजे अवघे सुमारे २६ ल्युमेन. परंतु फोटॉन मोजले तर हिरव्याच्या एका वॅटमध्ये दर सेकंदास सुमारे ४.६ मायक्रोमोल आणि निळ्याच्या एका वॅटमध्ये सुमारे ३.८ मायक्रोमोल भरतात. डोळ्याच्या हिशेबी जो दिवा सव्वीसपट मंद, तो शैवालाच्या हिशेबी जवळजवळ तुल्यबळ ठरतो. ल्युमेन हे उजेडाचे माप आहे, उन्हाचे नव्हे. आणि वॅट हे तर विजेच्या बिलाचे माप होय.

उन्हाचे माप म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील जितके फोटॉन दर सेकंदास दर चौरस मीटरवर पडतात, त्यांची मायक्रोमोलमधील गणना. व्यवहारात त्यास 'पार' म्हणतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्रपृष्ठावर हा आकडा २००० च्या आसपास असतो. टाकीस इतक्याची गरज नाही. किती गरज आहे, हे आत कोण राहणार यावर ठरते. आणि तेथे कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणाऱ्या सर्व पाषाण-प्रवाळांचा समावेश झाला. त्यांच्या जोडीने काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही संरक्षण मिळाले. मालवणच्या किनाऱ्यावरून, मग तो १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या आतील असो वा बाहेरील, अशा प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे व बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा कायदा पाळणाऱ्या गृहस्थाच्या टाकीत या सूचीबाहेरील, ज्यांच्या उगमाची कागदपत्रे आहेत असे मृदु प्रवाळ, मश्रूम-प्रवाळ किंवा झोअँथिड एवढेच असू शकतात. यांना सामान्यतः ५० ते १५० मायक्रोमोल पुरतात. प्रखर दिव्यांची जाहिरात ज्या जीवांसाठी केली जाते, ते आपल्या टाकीत असावयाचेच नाहीत. मग तो दिवा घ्यावा कशासाठी?

यास्तव निवडीचे निकष तीन. निळे व पांढरे एलईडी स्वतंत्रपणे मंद-प्रखर करता यावेत. प्रकाश टाकीच्या पृष्ठभागावर सारखा पसरावा. अरुंद भिंगाचा दिवा मध्यभागी भाजतो व कडा उपाशी ठेवतो. आणि उत्पादकाने ल्युमेन नव्हे, तर निरनिराळ्या खोलींवरील 'पार'चे आकडे दिलेले असावेत.

योजनेच्या बाबतीत पाण्याचा गुण विसरून चालत नाही. मालवणजवळील प्रवाळ गढूळ पाण्यात उथळावर वाढतात. उलट विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर ते वीस मीटरहून अधिक खोलीवरही आढळतात, कारण तेथील पाणी नितळ आहे. खोलीवरून ऊन ठरत नाही. मधले पाणीही मोजावे लागते. टाकीतही हेच घडते. जुने, पिवळसर झालेले पाणी निळा प्रकाश शोषते. अशा टाकीत कोळशाचा गाळक घातला की पाणी एका दिवसात निवळते आणि दिव्याला हात न लावताही प्रवाळावरील ऊन एकाएकी वाढते. म्हणून गाळक घालण्यापूर्वी दिवा मंद करावा.

नवा दिवा प्रथम अपेक्षित 'पार'च्या निम्म्यावर ठेवावा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. शैवालास आपली रंगद्रव्ये जुळवून घेण्यास तेवढा अवधी लागतो. दिवसाचे आठ-नऊ तास पुरेत. १०० मायक्रोमोल नऊ तास मिळाले तर दिवसाची बेरीज सुमारे ३.२ मोल होते. ही बेरीज दुप्पट प्रखरतेने निम्म्या वेळात गाठता येईल, असे मात्र समजू नये. एका मर्यादेपुढे प्रकाशसंश्लेषण वाढत नाही. उरलेल्या ऊर्जेतून घातक ऑक्सिजन-संयुगे निर्माण होतात, प्रवाळ आपले शैवाल गमावते आणि पांढरे पडते.

मोजणी पाण्याखालील 'पार'मापकाने, टाकीत चार-सहा ठिकाणी करावी. तो उपलब्ध नसल्यास लक्समापक वापरता येतो, परंतु निळ्या-पांढऱ्याचे प्रमाण कायम ठेवून, केवळ कालच्याशी आजची तुलना करण्यापुरताच. प्रमाण बदलले की त्याचा आकडा निरर्थक होतो, कारण ते यंत्रही माणसाच्याच डोळ्याने पाहते. प्रवाळ फिकट होऊ लागले तर ऊन अधिक झाल्याचा संशय घ्यावा; तपकिरी होऊन वर ताणू लागले तर कमी झाल्याचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व दोन आठवडे थांबावे. भिंगावर साचलेले मीठ मात्र दर आठवड्यास पुसावे. ते प्रकाश अडविते. आणि ते न पुसता दिवा वाढविणाऱ्याच्या टाकीत, ज्या दिवशी भिंग पुसले जाईल त्या दिवशी, ऊन एकदम चढते.