तांब्याची चिमटी

जीन्स कितीही धुवा, पाण्यात विरघळत नाही. कारण कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याच्या साखळ्या इतक्या घट्ट रचलेल्या की नेहमीच्या एन्झाइमला शिरायला फटच नाही. मग बुरशी अख्खं लाकूड फस्त करते तरी कशी?

धागा मिळाला तो २०१० मध्ये नॉर्वेत, तोही कायटिनवर. नुसतंच चिकटणारं म्हणून ओळखलं जाणारं एक प्रथिन चक्क साखळी तोडत होतं! या एन्झाइम्सना आता एलपीएमओ म्हणतात. त्यांच्यात तांब्याचा एकच अणू असतो. खोल खळग्यात नाही, सपाट पृष्ठभागावर, दोन हिस्टिडीनच्या तीन नायट्रोजननी धरलेला. सपाट असल्यानेच एन्झाइम थेट स्फटिकावर बसतं. तांब्याला इलेक्ट्रॉन मिळाला की ते ऑक्सिजन पकडतं, साखळीतल्या कार्बनवर ऑक्सिजन जोडला जातो आणि तिथेच साखळी तुटते. मग बाकीची एन्झाइम्स आत घुसतात.

२०१७ मध्ये मात्र नवा वाद पेटला: खरं इंधन ऑक्सिजन की हायड्रोजन पेरॉक्साइड? पेरॉक्साइडने वेग प्रचंड वाढतो, म्हणून मला तीच बाजू जड वाटते. पण डोस जास्त झाला, की एन्झाइम स्वतःच खराब होतं. उसाच्या चिपाडापासून इथेनॉल करायचं तर टाकीत काय आणि किती सोडायचं, हा प्रश्न इथेच येऊन अडतो.