भित्तिकेचा बंदोबस्त

१६६५ साली रॉबर्ट हुक याने बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकातून जे रिकामे कप्पे पाहिले, त्या वस्तुतः मृत पेशींच्या भित्तिका होत्या. आणि वनस्पतिपेशीचे प्राणिपेशीहून असलेले वेगळेपण, माझ्या मते, मुख्यत्वे या भित्तिकेतच आहे. केंद्रक, तंतुकणिका आणि नाजूक पेशीपटल ही मिळकत सामान्यतः दोहोंची सामाईक. मात्र रक्तातील तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली असता परासरणाने आत शिरणारे पाणी तिला फुगवून अखेर फोडून टाकते, तर वनस्पतिपेशी, पटलाबाहेर सेल्युलोजच्या चिवट भित्तिकेचा बंदोबस्त असल्यामुळे, तेच पाणी आपल्या विशाल रिक्तिकेत साठवून ताठ राहते. अस्थींवाचून कोथिंबिरीची जुडी टवटवीत उभी असते ती या दाबाच्या बळावर, आणि पाणी उणावताच ती मान टाकते. हरितलवकांच्या योगे सूर्यप्रकाशात अन्न सिद्ध करण्याची शक्तीही वनस्पतीस लाभली आहे, जरी जमिनीखालील मुळांच्या पेशींत ती लवके बहुधा नसतात. भित्तिकेच्या या बंदोबस्ताचा मोबदलाही जबर द्यावा लागतो. तिने जखडलेली पेशी जागा सोडू शकत नाही, उलट आपल्या रक्तातील श्वेतपेशीस आकार पालटीत जंतूचा पाठलाग करण्याची पूर्ण मुभा असते.