गिटारच्या सुरातली वजाबाकी

फेंडर कंपनीच्या 1959 सालच्या 'बेसमन' अ‍ॅम्पवर ट्रेबल, मिडल आणि बेस अशी तीन बटणं आहेत.  त्या बटणांमागे असतात फक्त मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर. सुराचा ठरावीक भाग गाळणं एवढंच त्यांना जमतं. ट्रेबल दहावर नेला की तो वाढला असं वाटतं, प्रत्यक्षात तो कमी गाळला जातो. शिवाय तिन्ही बटणं एकमेकांत गुंतलेली: एक फिरवलं की उरलेल्या दोन्हींचाही परिणाम बदलतो. सगळी मध्यावर ठेवली तरी साधारण 500 हर्ट्झच्या आसपास खळगा राहतोच.

हा अ‍ॅम्प मुळात बेस गिटारसाठी बनला होता. गिटारवादकांनी तो आपलासा केला. 1962 च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी जवळपास त्याच मांडणीवर 'जेटीएम 45' घडवला, आणि कॅलिफोर्नियातल्या फेंडरची ही तीन बटणं ब्रिटिश रॉकच्या सुरात जाऊन बसली.

यांतलं सर्वांत मोलाचं बटण माझ्या मते मिडलचं. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर 82 हर्ट्झचा, सर्वांत बारीक तारेचा बाविसाव्या फ्रेटवरचा सुमारे 1175 चा. म्हणजे गिटारचे सगळे मूळ सूर एवढ्याच पट्ट्यात येतात. त्याच्या वर फक्त उपस्वर आणि पिकचा आघात. इलेक्ट्रिक गिटारचा बारा इंची स्पीकर तर 5000 हर्ट्झच्या पुढे झपाट्याने क्षीण होतो. ते बरंच आहे, कारण डिस्टॉर्शनचा आवाज त्याशिवाय गांधीलमाश्यांच्या घोंघावण्यासारखा लागतो.

अकूस्टिक गिटारमध्ये सूर घडवण्याचं काम लाकूड आणि हवा करतात. पोकळीतली हवा साधारण 100 हर्ट्झला घुमते, वरची फळी 200 च्या आसपास. या दोन घुमाऱ्यांमुळेच तिचा सूर भरदार होतो आणि स्टेजवर तेच छळतात: स्पीकरचा आवाज फळीला हलवतो, फळी तारांना, तोच आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरतो आणि हुंकार थांबत नाही. उपाय साधा आहे. पॅरामेट्रिक इक्वलायझरवर अरुंद पट्टा थोडा उचलायचा, 80 ते 250 हर्ट्झमध्ये हळूहळू सरकवायचा आणि जिथे गिटार घुमू लागते तिथेच तो खाली दाबायचा. बहुतेक वेळा चार-पाच डेसिबल पुरतात. सगळा बेस काढला, तर गिटार पोकळ लागते.

घरी जुळवलेला सूर कार्यक्रमात हरवतो, त्यामागे आपले कान आहेत. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून घरी बेस-ट्रेबल भरपूर आणि मिडल अगदी कमी ठेवला की गोड वाटतं. बँडमध्ये मात्र खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रम घेतात, वरची सिंबल्स. गिटारसाठी उरतो तो मधला पट्टा, आणि तोच आपण काढून टाकलेला असतो.

आयबानेझचा 'ट्यूब स्क्रीमर' पेडल नेमका इथे उपयोगी पडतो. तो खर्ज कापतो आणि 700 हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे आणतो. गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तो फेंडरच्या अ‍ॅम्पना जोडून वाजवत असे. अ‍ॅम्पमधला खळगा पेडलच्या उंचवट्याने भरून निघे.