मोतीबिंदूच्या पलीकडे

परभणी जिल्ह्याच्या कोणत्याही खेड्यात, मग ते जिंतूरकडच्या डोंगराळ भागातले असो की गंगाखेड-सोनपेठच्या गोदाकाठचे, साठी ओलांडलेल्या माणसाची नजर मंदावू लागली की घरातील माणसे एकच निदान करून मोकळी होतात: मोतीबिंदू होतो आहे, पिकला की शिबिरात नेऊ. या समजुतीला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. कारण शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावरची पट्टी निघताच नातवंडांची तोंडे ओळखणारी वृद्ध माणसे मराठवाड्याने आपल्याच गल्लीत पाहिली आहेत, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील माकेगावात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कीर्ती पावलेले व 2008 मध्ये पद्मश्रीने गौरविले गेलेले डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव येथील घराघरांत आदराने घेतले जाते. परंतु या यशाच्या जोडीने एक घातक विश्वासही रुजला आहे: गेलेली दृष्टी केव्हाही परत आणता येते, असा. मोतीबिंदूपुरता तो बहुतांशी खरा आहे. डोळ्याच्या इतर अनेक विकारांत मात्र हरवलेली नजर सहसा परत मिळत नाही, आणि नव्या संशोधनाचा लाभ मुदतीत दवाखान्यात पोचलेल्या डोळ्यालाच होतो.

मोतीबिंदूचा इतिहास मनोरम आहे. गढूळ झालेले भिंग शलाकेने बाजूस सारण्याची कृती सुश्रुतसंहितेत आली आहे. परंतु काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसविण्याचे धैर्य 1949 मध्ये लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी केले, आणि त्याला आधार होता तो महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण डोळ्याने निमूटपणे सहन केल्याच्या त्यांच्या निरीक्षणाचा. 1967 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून सूक्ष्म छेदातून ते शोषून घेण्याची पद्धत काढली. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने 1992 पासून स्वतःच्या कारखान्यात कृत्रिम भिंगे तयार करून ती गरिबाच्या आवाक्यात आणली. आज मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे काही कारण उरलेले नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदू डोळ्यातील दाब वाढवून कायमची हानी करू शकतो. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वापैकी 66.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूचेच आढळले, तेव्हा शिबिरांचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही.

तथापि परभणीसारख्या शेतीप्रधान मुलखाचा स्वतःचा म्हणावा असा नेत्रविकार वेगळाच आहे. रब्बी ज्वारीची काढणी चालू असते, जायकवाडीच्या कालव्याखालचा ऊस तोडला जात असतो, तुरी झोडपल्या जात असतात. आणि एखादे पाते, पाचटाची धारदार कड किंवा मळणीयंत्रातून उडालेले कुसळ डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याला, ज्याला वैद्यकात पारपटल म्हणतात, ओरखडा काढून जाते. ओरखडा स्वतः किरकोळ असतो. परंतु वनस्पतींवर आणि मातीत वास करणारी बुरशी त्यातून आत शिरली, तर काही दिवसांत बुबुळावर पांढुरका व्रण दिसू लागतो, आणि तो भरून आला तरी मागे राहते ते आपण ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतो ते. क्वचित डोळा फुटतोही. म्हाताऱ्याचा मोतीबिंदू वर्षभर थांबू शकतो. ऐन कर्त्या वयातील शेतकऱ्याचा किंवा मजूर बाईचा हा व्रण आठवडाभरही थांबत नाही.

या व्रणावरील महत्त्वाचे संशोधन परदेशातून आपल्याकडे आलेले नाही, ते दक्षिण भारतातच झाले. अरविंद रुग्णालयातील रुग्णांवर घेतलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नॅटामायसिन हे जुने औषध व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा, विशेषतः फ्युझेरियम जातीच्या बुरशीवर, अधिक गुणकारी ठरले. निदानासाठीही अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही: व्रणाचा किंचित खरवडा काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू काही मिनिटांत दिसू शकतात. इलाज मात्र चिकाटीचा आहे. आरंभी तासातासाला थेंब आणि पुढे कित्येक आठवडे औषध. अडचण येते ती येथे, की लाल झालेल्या डोळ्यावर ओळखीच्या दुकानातून घेतलेले स्टिरॉइडचे थेंब दोन दिवस लाली उतरवतात व आत बुरशीला मोकळे रान देतात, आणि रोगी बरे वाटले म्हणून शेतावर परततो. 2023 च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ महाराष्ट्रभर पसरली होती. अशी साथ बहुधा विषाणूंची असते व आपोआप ओसरते, पण कोणती लाली साथीची आणि कोणती व्रणाची हे दुकानदाराने ठरवावयाचे नसते.

मधुमेहाचे प्रकरण अधिक फसवे आहे, कारण त्यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि आतले दृष्टिपटल झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांनी खराब होत असताना कित्येक दिवस नजरही शाबूत वाटते. लेसरचा उपचार जुना आहे; गेल्या दोन दशकांत त्याला डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांची जोड मिळाली, आणि त्यांपैकी बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी निर्माण झालेले औषध इतरांच्या मानाने स्वस्त असल्याने आपल्याकडे पुष्कळ वापरले जाते. दृष्टिपटलाच्या छायाचित्रावरून संगणकाने रोग ओळखण्याच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतीय नेत्ररुग्णालयांतील छायाचित्रांचाही उपयोग केला गेला होता. तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञ नसला तरी कॅमेरा असू शकतो, हा त्याचा आपल्या दृष्टीने खरा अर्थ.

काचबिंदूत दृष्टीची कड आधी नाहीशी होते आणि मध्य शेवटपर्यंत टिकतो, म्हणून रुग्णाला शंका येईपर्यंत मज्जातंतूंचा मोठा भाग मेलेला असतो. तो कोणतीही शस्त्रक्रिया परत आणत नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आरंभीच सौम्य लेसर दिलेल्या डोळ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश डोळ्यांचा दाब तीन वर्षे थेंबांवाचून आटोक्यात राहिला. आयुष्यभर दररोज थेंब घालणे ज्याला परवडत नाही, त्या कुटुंबाला ही वार्ता मोलाची आहे. जनुकीय उपचारांचीही हल्ली बरीच चर्चा होते. पण 2017 मध्ये अमेरिकेत मान्य झालेला पहिला उपचार एका विरळ आनुवंशिक विकारापुरता आहे आणि तूर्त आपल्या शिवाराशी त्याचा संबंध थोडाच.

1956 पर्यंत हा जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात मोडत होता, त्याच हैदराबादेत 1987 मध्ये सुरू झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने खेड्यांच्या समूहांत दृष्टिकेंद्रे काढून, गावच्याच तरुणांना शिकवून ती त्यांच्या हाती सोपविली. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू झाले आहे. त्याने असे केंद्र प्रत्येक तालुक्यात उभारण्याची तजवीज करावी, सूक्ष्मदर्शक, दृष्टिपटलाचा कॅमेरा आणि नॅटामायसिनचा साठा यांत कसूर होऊ देऊ नये, ही मागणी जिल्ह्यातील रयतेने आग्रहाने केली पाहिजे. आणि तोवर वाचकांनी आपल्या घरापुरते एवढे करावे: डोळ्याला पाते लागले तर चोळू नये, दूध, मध वा एरंडेल घालू नये, स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे, आणि आईबापांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर डोळ्यातील दाब मोजून घेण्यात हयगय करू नये.