कडकड, शेक आणि चिंचोळीची कंबर

मणक्यांवर हाताने उपचार करण्याच्या विद्येचा इतिहास सांगायचा म्हटलं की आम्हा फिजिओथेरपिस्टांत दोन तट पडतात. पहिला तट १८९५ सालापासून सुरुवात करतो. अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला, त्याला ऐकू येऊ लागलं आणि कायरोप्रॅक्टिक जन्माला आली, ही ती गोष्ट. (कानाची नस पाठीतून जात नाही, पण गोष्ट रंगतदार आहे.) दुसरा तट म्हणतो, यात नवीन काय, आपल्याकडे हे होतंच. होतं ना! हाडवैद्य होते, तालमीत अंग रगडणारे वस्ताद होते, आणि उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय कमरेला लावून घेणारे अजूनही भेटतात. पण बिघडलं तर जाब कुणाला विचारायचा? याचं उत्तर पायाळूकडे नव्हतं आणि पामर यांच्याकडेही नव्हतं. माझ्या लेखी व्यवसायाचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

अमेरिकेतली पुढची हाणामारी झटपट उरकतो. पामर १९०६ साली परवान्याविना डॉक्टरकी केल्याबद्दल तुरुंगात गेले. एकेका राज्याने परवाने द्यायला १९१३ मध्ये सुरुवात झाली, ते सगळीकडे मिळेपर्यंत १९७४ उजाडलं. तिथल्या मेडिकल असोसिएशनने घातलेल्या बहिष्काराविरुद्ध चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये खटला भरला, तो १९८७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिक्षणाचा किमान मापदंड छापला: ४,२०० तास, त्यातले १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण आलं ते परळच्या केईएम रुग्णालयातून. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये तिथे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. पाठोपाठ तिथेच फिजिओथेरपीची शाळा निघाली. पुढे राज्याने २००२ चा कायदा करून दोन्ही व्यवसायांसाठी परिषद नेमली, तिलाच आम्ही ‘ओटीपीटी कौन्सिल’ म्हणतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. परदेशात रीतसर शिकून आलेला कायरोप्रॅक्टर आणि दोन रविवारांचं शिबिर केलेला गडी आपल्या देशात एकाच रांगेत उभे राहतात, ते यामुळे. आमचे काही मित्र म्हणतात, कायरोप्रॅक्टिक म्हणजे शुद्ध भोंदूगिरी. मला हे मान्य नाही. सगळे आजार मणक्यातून उगवतात हा पामर यांचा दावा गेला खड्ड्यात; पण ताज्या कंबरदुखीवर मणक्याला दिलेल्या नेमक्या झटक्याचा थोडाफार उपयोग होतो, इतर चांगल्या उपचारांइतकाच, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

आणि असा झटका आम्हाला तरी परका कुठे होता? ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलँड यांनी सांध्याच्या हालचालीच्या पायऱ्या लावून दिल्या. त्यातला छोटा, वेगवान झटका शेवटच्या पायरीवर आहे, आधीच्या चार हळुवार आहेत. मेटलँड परीक्षेपुरते पाठ करायचे आणि दवाखाना थाटला की मशिनं आणायची, ही आमच्या बिरादरीची रीत. रुग्ण आला की पालथा झोपवा, अल्ट्रासाउंड फिरवा, टेन्सचे विजेचे पॅड चिकटवा, वजन लावून कंबर ताणा (म्हणजे ट्रॅक्शन), जाताना पट्टा विका. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अल्ट्रासाउंड, टेन्स, ट्रॅक्शन आणि पट्टा ही चारही नकोत म्हणून सांगितलं. व्यायाम, मसाज आणि मणक्यांवरचे हाताचे उपचार यांना, पुरावा बेताचा असला तरी, जागा दिली. तरी आमच्या दवाखान्यांतला मशिनचा शेक काही थांबला नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आमच्या सोलापूरचे कारखाने. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेल आणि चादरी. पुणे रस्त्यावर, मोहोळ तालुक्यातल्या माळावर चिंचोळी एमआयडीसी, तिथे केमिकल, औषधं आणि कास्टिंग. बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही नावं बाहेरच्यांना ठाऊक असतात. पत्र्याच्या शेडमधली छोटी युनिटं कुणाला ठाऊक नसतात, आणि माझे रुग्ण बहुतेक तिथलेच. फर्स्ट शिफ्ट सुटली की मोटारसायकलवरून थेट दवाखान्यात. कंबर धरली की महिन्याभरात पुन्हा हजर. म्हणून मी शॉपफ्लोअर बघायला जाऊ लागलो, तर सहकारी हसले: फिजिओने टेबल सोडून रिॲक्टरच्या मॅनहोलपाशी काय करायचं?

एका युनिटमध्ये ठेकेदाराचा एक पोरगा पावडरच्या पंचवीस किलोच्या बॅगा रिॲक्टरमध्ये चार्ज करत होता. वरचे थर संपेपर्यंत ठीक चाललं. पॅलेटचा तळ आला तसा तो गुडघे ताठ ठेवून वाकू लागला आणि पावलं न हलवता नुसत्या कमरेतून वळून बॅग टाकू लागला. वाकणं, ओझं आणि पीळ, तिन्ही एका दमात. मणक्यांमधल्या चकतीला याहून वाईट काही नाही. मी भरलेल्या पॅलेटखाली दोन रिकामी पॅलेट रचायला लावली, आणि थप्पी मॅनहोलपासून पाऊलभर लांब सरकवली, म्हणजे पाय उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. सुपरवायझर कुरकुरला, पण ऐकलं. दोनशे लिटरचा ड्रम कडेवर तिरका करून गरगर नेण्यात तिथले म्हातारे हेल्पर वाकबगार. ड्रमची ट्रॉली मात्र चाक अडकून कोपऱ्यात पडलेली. जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नका असं १९४८ मध्येच सांगितलं होतं. त्या चाकाला ग्रीस लावणं हा माझ्या मते मणक्याचा उपचारच आहे, आणि हे कुठल्याही अभ्यासक्रमात मन लावून शिकवत नाहीत.

आताची पिढी शिकते ती मोबाइलवरून. गळ्यात पट्टा अडकवून मान ओढायची, माइक जवळ धरून कडकड ऐकवायची. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब उतरून पोकळी होते, तिचा असतो. आवाज न होताही आराम पडतो आणि आवाज होऊनही काही साधत नाही. मानेच्या झटक्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होणं दुर्मीळ आहे, पण ते होतं. आणि आपल्या मुलखात मणक्याचा क्षयरोग आहे, हे कॅमेऱ्यापुढच्या उस्तादाला कुणी सांगायचं? रात्री झोपू न देणारी पाठदुखी, बारीक ताप, घटतं वजन असा माणूस टेबलावर आला तर हात मागे घेता आला पाहिजे. ४,२०० तास लागतात ते मुख्यतः एवढं शिकायला.

तेव्हा वाचकहो, पाठ कुणाच्या हाती देण्याआधी त्याचा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. कडकडाटासाठी मान देऊ नका. लघवी अडली किंवा मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, तर आमच्यापैकी कुणाकडेही न येता तडक सिव्हिल हॉस्पिटल गाठा. आणि चिंचोळीत तुमचं युनिट असेल, तर उद्या सकाळी ती ट्रॉली दुरुस्त करून घ्या.