ग्रामनिधीचा हिशेब कोण विचारणार?

गावातला नवा रस्ता वर्षभरात उखडला, की पारावर ठेकेदाराचा उद्धार होतो. त्या रस्त्याचे अंदाजपत्रक किती रुपयांचे होते, असे विचारले की मात्र सगळे गप्प! खरे तर हा आकडा विचारण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदाराला आहे.

घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि सरकारी अनुदाने मिळून ग्रामनिधी होतो. २०१५ ते २०२० या काळासाठी चौदाव्या वित्त आयोगाने पंचायतींचे सारे अनुदान ग्रामपंचायतींनाच दिले आणि लहान गावांच्या खात्यांतही लाखांच्या रकमा दिसू लागल्या. विकासकामांवरच्या खर्चाला ग्रामसभेची परवानगी लागते. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, चालू वर्षाची कामे आणि लेखापरीक्षकाचे आक्षेप उत्तरांसह ठेवावे लागतात. या आक्षेपांची मागणी फारसे कुणी करीत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तीच करावी. पावती नाही, दरपत्रके मागवली नाहीत, असे जे गावात दबक्या आवाजात बोलले जाते, ते तिथे चक्क लिहिलेले सापडू शकते.

मग अडते कुठे? गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढी माणसे जमली नाहीत, की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे आपण घरी बसलो म्हणून ठराव थांबत नाही. दहाबारा जणांतही तो मंजूर होतो, आपल्या नावावर. महिलांची वेगळी सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. तीही पुष्कळदा कागदावरच उरकते. हंड्याभर पाण्यासाठी ज्यांना चालावे लागते, त्यांनाच खर्चाचा क्रम ठरवताना विचारायचे नाही, हा अजब न्याय!

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे चित्र उलटे करून दाखवले. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि बांबू विकून आलेला पैसा ग्रामसभेच्या कारभारात आला. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. पण हे एका दिवसात झालेले नाही. कितीतरी वर्षे आधीपासून तिथे अभ्यासगट चालत होता. कायदा काय म्हणतो, हे गावकरी एकत्र बसून समजून घेत. पैसा आला तेव्हा प्रश्न विचारायची सवय आधीच लागलेली होती.

आपल्या गावात जंगल नसेल, पण नळयोजना, शाळाखोल्या, दिवाबत्ती आहेच. एप्रिल-मेमधल्या ग्रामसभेला चारपाच घरांनी ठरवून जावे, एकेकाने एकेका कामाचा खर्च विचारावा आणि झालेला ठराव सभा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावा. इतिवृत्त नंतर सवडीने लिहिले, की सभेत न झालेल्या गोष्टीही त्यात येऊन बसतात.